सहीच्या आधी तारीख वाचा

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

डिसेंबर जवळ आला की गोव्यातल्या घरोघरी जुने पेटारे उघडतात. १९६१ सालचा एखादा पिवळा पडलेला अंक, लष्करी गव्हर्नरच्या कचेरीतून आलेले पत्र, विमानातून टाकलेले पत्रक, बोटीवर नोकरीला असलेल्या तारवटी आजोबांनी महायुद्धाच्या काळात आणलेला कुणा इंग्रज सेनापतीचा संदेश. मग त्याचे फोटो मोबाइलवर फिरतात, 'सही खरी आहे का हो?' अशी विचारणा होते, आणि चार दिवसांत तो कागद एकतर फ्रेमवाल्याकडे जातो नाहीतर विकत घेणाऱ्याच्या पिशवीत. युद्धकाळातील सेनानींच्या सहीची पत्रे आणि त्या दिवसांची वर्तमानपत्रे जमवणारे आम्ही काही जण गोव्यात आहोत. प्रत्येकाला सुटे सुटे उत्तर देण्यापेक्षा एकदाच सविस्तर लिहावे, म्हणून हा लांबलेला मजकूर. जागेअभावी काटछाट करावी लागली तर साठवणुकीचा भाग मात्र राहू द्यावा. खोट्या सहीने फार तर पैसे बुडतात, चुकीच्या साठवणुकीने मात्र खरा कागदच जातो.

सही खरी की खोटी हे सर्वांत शेवटी पाहायचे. त्याआधी पाहायचे ते हे, की पत्रावरच्या तारखेला तो माणूस त्या हुद्द्यावर होता का. आपल्याकडची उदाहरणे घेऊ. मेजर जनरल के. पी. कँडेथ १७ व्या इन्फन्ट्री डिव्हिजनचे प्रमुख म्हणून गोव्यात आले. १९ डिसेंबर १९६१ पासून जून १९६२ च्या पहिल्या आठवड्यापर्यंत ते लष्करी गव्हर्नर होते. पुढे टी. शिवशंकर नायब राज्यपाल झाले आणि नागरी कारभार सुरू झाला. म्हणजे 'लष्करी गव्हर्नर' या हुद्द्याखाली कँडेथ यांची सही आणि तारीख ऑगस्ट १९६२ अशी असेल, तर भिंग काढायची गरजच नाही. 'लेफ्टनंट जनरल' हा हुद्दा त्यांच्या नावापुढे १९७१ च्या युद्धात शोभतो, तेव्हा ते पश्चिम कमानचे प्रमुख होते. १९६१ च्या कागदावर नाही शोभत. जे. एन. चौधरी गोव्याच्या कारवाईच्या वेळी दक्षिण कमानचे प्रमुख आणि लेफ्टनंट जनरल होते, 'जनरल' झाले ते नोव्हेंबर १९६२ मध्ये लष्करप्रमुखपद हाती आल्यावर. ५० व्या पॅराशूट ब्रिगेडचे सगत सिंग तेव्हा ब्रिगेडियर. हवाई कारवाईचे प्रमुख एअर व्हाइस मार्शल अर्लिक पिंटो, मूळचे गोमंतकीय, २२ नोव्हेंबर १९६३ रोजी पूंछजवळच्या हेलिकॉप्टर अपघातात गेले. त्यांच्या सहीचे कागद म्हणूनच दुर्मीळ आहेत, आणि म्हणूनच 'सापडतात'ही जास्त.

इंग्रज सेनानींची सही तर स्वतःच तारीख सांगते. माँटगोमेरी जानेवारी १९४६ मध्ये सरदारकी मिळेपर्यंत 'बी. एल. माँटगोमेरी' अशी सही करत, नंतर 'माँटगोमेरी ऑफ अलामेन'. माउंटबॅटन १९४६ पर्यंत 'लुई माउंटबॅटन', नंतर 'माउंटबॅटन ऑफ बर्मा'. ब्रह्मदेशच्या आघाडीवरून १९४४ मध्ये आलेल्या पत्राखाली दुसऱ्या प्रकारची सही असेल तर पत्र खोटे, किंवा सही पुढे कधीतरी कुणाच्या आग्रहाखातर केलेली. आपल्याकडे हाच घोळ माणेकशॉंच्या बाबतीत होतो. ते फील्ड मार्शल झाले जानेवारी १९७३ मध्ये. १७ डिसेंबर १९७१ च्या अंकावर त्यांनी 'फील्ड मार्शल' लिहून सही केली असेल, तर ती खोटी ठरत नाही. २००८ पर्यंत ते हयात होते आणि निवृत्तीनंतरही लोक त्यांच्याकडे सह्या मागायला जात. मात्र असा अंक 'युद्धात सही झालेला' म्हणून विकला जात असेल तर ती फसवणूकच. वर्तमानपत्रावरची तारीख छपाईची असते, हुद्दा सहीच्या वेळेचा. दोन्हींची गल्लत करू नये.

लेटरहेडवरच्या बारीकसारीक गोष्टीही पुष्कळ बोलतात. पिनकोड आला १५ ऑगस्ट १९७२ रोजी. १९६५ च्या लेटरहेडवर सहा आकडी पिन छापलेला दिसला की तो कागद परत करावा. 'नये पैसे' १ एप्रिल १९५७ ते मे १९६४ अखेर, त्यानंतर नुसते पैसे. सेनाप्रमुखाला 'कमांडर-इन-चीफ' म्हणणे १९५५ मध्ये बंद झाले. लष्कराचे 'फौजी अखबार' १९५४ मध्ये 'सैनिक समाचार' झाले, त्यामुळे 'सैनिक समाचार'चा १९४८ चा काश्मीर युद्धाचा अंक असूच शकत नाही. आणि गोवा ३० मे १९८७ पर्यंत 'गोवा, दमण आणि दीव' होता, हे तर गोव्यात कुणाला सांगायला नको. तरी नक्कल करणारे तिथेच फसतात.

एवढे जुळले की मग भिंग. दहा पटीचे, जवाहिरे वापरतात तसले पुरते. फाउंटन पेनची रेघ जिथे दाबून ओढली आहे तिथे निबचे दोन फाळ फाकतात आणि रेघेच्या दोन्ही कडा मधल्या भागापेक्षा गडद दिसतात. जिथे रेघ रेघेवरून जाते तिथे शाई दाटते. कागदाच्या तंतूंत केसासारखे फाटे फुटलेले दिसतात. बॉलपेनची रेघ कागदात खोबण पाडते, पान उलटून बोट फिरवले तर उठाव लागतो, आणि तीव्र वळणानंतर शाईचा एक बारीक गोळा साचलेला असतो. रबरी शिक्क्याच्या सहीत शाई कडांना जमते आणि रेघेत कुठेही दाबाचा चढउतार नसतो. रंगीत प्रिंटरची निळी सही भिंगाखाली आकाशी आणि गुलाबी ठिपक्यांत फुटते. लेझर प्रिंटरची सही कागदावर बसवलेल्या चकचकीत काळ्या रव्यासारखी दिसते. सही यंत्राने केलेली असल्याचा संशय आला तर त्याच व्यक्तीची दुसरी सही पारदर्शक कागदावर काढून वर ठेवून पाहावी. दोन सह्या वळणन् वळण तंतोतंत जुळल्या तर दोन्ही वाईट. माणूस आपलीच सही दोनदा तशीच्या तशी करत नाही.

अतिनील टॉर्च घ्यावा, ३६५ नॅनोमीटरचा. कागद पांढरा दिसावा म्हणून लगद्यात चमक आणणारी रसायने घालायला साधारण १९५० च्या सुमारास सुरुवात झाली. १९४३ चे पत्र टॉर्चखाली निळसर पांढरे झळकले तर कागद नंतरचा. १९६१ च्या पत्राला ही कसोटी लागू नाही, ते झळकले तरी काही सिद्ध होत नाही. टॉर्च मारताना अंगात पांढरा सदरा नसावा. धुण्याच्या पावडरीत तीच रसायने असतात, सदऱ्याची झळाळी कागदावर पडते आणि चांगला कागद नाहक बदनाम होतो.

आता एक गोष्ट जवळून पाहण्यासारखी. पत्रावर आधी सही होते, मग घडी पडते, मग पाकिटात जाते. सहीवरून घडी गेली असेल तर भिंगाखाली घडीच्या रेषेवर शाई तुटलेली दिसते. तंतू मोडतात, त्यांच्याबरोबर शाईही उडते आणि खालचा पांढरा कागद डोकावतो. घडी जुनी आणि सही नवी असेल तर उलटे दिसते. मोडलेल्या तंतूंत शाई खोल झिरपते, घडीच्या रेषेत गडद होते आणि घडीच्या आजूबाजूला थोडी पसरते. ही नक्कल सहजासहजी लपत नाही. वर्तमानपत्रावर मात्र ही कसोटी चालत नाही, कारण अंक छापखान्यातूनच घडी होऊन बाहेर पडतो.

छापील सहीला खरी समजण्याचे प्रमाण तर विचारू नये. ६ जून १९४४ च्या नॉर्मंडी चढाईच्या वेळी आयझेनहॉवर यांनी सैनिकांना दिलेला संदेश प्रचंड संख्येने छापला गेला, त्यावरची सही छापील आहे. माँटगोमेरी यांनी आपल्या सैन्याला वेळोवेळी दिलेल्या 'व्यक्तिगत संदेशां'चेही तेच. नावात 'व्यक्तिगत' असले तरी ते छापखान्यातूनच आलेले. हे कागद खोटे नाहीत. त्यांना स्वतःचे मोल आहे, पण ते छापील पत्रकाचे मोल. आपल्याकडे भारतीय विमानांनी टाकलेली पत्रके आणि पोर्तुगीज काळातले सरकारी राजपत्र 'बोलेटिम ऑफिसियाल' यांतही अधिकाऱ्याचे नाव छापखान्यातल्या खिळ्यांनी, म्हणजे धातूच्या सुट्या अक्षरांनी, जुळवलेले असते. शेवटचे पोर्तुगीज गव्हर्नर जनरल व्हासालो ई सिल्वा यांचे नाव एखाद्या फर्मानाखाली छापलेले दिसले, की लगेच तो 'सहीचा कागद' होत नाही. १९ डिसेंबर १९६१ च्या रात्री वास्कोत झालेल्या शरणागतीच्या कागदाच्या छायाप्रतीही पुष्कळ आहेत. कुणी 'मूळ' म्हणून समोर ठेवली तर हसून विषय बदलावा.

टंकलिखित पत्रांत आणखी एक खूण. जुन्या टंकयंत्राचा पूर्णविराम कागद भोसकतो, मागून बोटाला टोचतो. कार्बन प्रतीत अक्षरे मऊ, धुरकट असतात आणि कागद पातळ, खुळखुळणारा. कार्बन प्रत कचेरीत राहायची, तिच्यावर बहुधा आद्याक्षरेच असतात. कार्बन प्रतीवर पूर्ण, लफ्फेदार सही दिसली तर आधी कारण शोधावे.

वर्तमानपत्रांत पहिला प्रश्न हाच की तो अंक त्या दिवशी निघत होता का. 'गोमन्तक'चा पहिला अंक २४ मार्च १९६२ चा, 'नवहिंद टाइम्स' १९६३ चे, 'नवप्रभा' १९७० ची. मुंबईचा 'महाराष्ट्र टाइम्स' १८ जून १९६२ ला सुरू झाला. मुक्तीच्या दिवसाचा 'गोमन्तक' आहे, असे कुणी सांगितले तर तो सांगणाऱ्याचा भाबडेपणा समजावा. त्या दिवसांत गोव्यात छापले जाणारे दैनिक पाहायचे तर ते पोर्तुगीज, आणि तिथे 'ओ हेराल्दो' व 'हेराल्दो' ही दोन वेगळी वर्तमानपत्रे होती हे लक्षात ठेवावे. मराठी अंक पुण्या-मुंबईचे नाहीतर बेळगावचे. त्यातही डाक आवृत्ती, म्हणजे बाहेरगावी पाठवायची प्रत, लवकर छापली जाई. शरणागती १९ तारखेला रात्री झाली, त्यामुळे २० तारखेच्या एखाद्या डाक आवृत्तीत ती बातमी नसली तर अंक खोटा ठरवू नये. मार्च १९४३ मध्ये मुरगाव बंदरात 'एरेनफेल्स' आणि इतर शत्रुपक्षीय जहाजे जळाली. ती ब्रिटिशांची छुपी मोहीम होती आणि तिचा तपशील कित्येक वर्षांनी बाहेर आला. तेव्हाच्या अंकात ती पार पाडणाऱ्या 'कलकत्ता लाइट हॉर्स' या पथकाचे नाव मथळ्यात दिसले, तर तो अंक नंतर कुणीतरी हौसेने 'घडवलेला' आहे.

पुनर्मुद्रण ओळखायला दिवा तिरका धरावा. साठच्या दशकापर्यंत खिळ्यांची छपाई होती. अक्षर कागदात दाबले जाते, त्यामुळे तिरक्या उजेडात पानाच्या मागच्या बाजूला उठाव दिसतो. ऑफसेटवर काढलेली नक्कल गुळगुळीत असते. त्या काळच्या छायाचित्रांची जाळी जाड असायची, ठिपके नुसत्या डोळ्यांनी मोजता यावेत अशी. नकलेत जाळीवर जाळी चढते आणि चेहऱ्यांवर लाटा उमटतात. आणि रंग पाहावा. खरा जुना न्यूजप्रिंट कडांना आणि घडीला जास्त तांबूस होतो, आत फिका राहतो. सगळीकडून सारखा तपकिरी अंक चहाच्या पाण्यातून काढलेला असतो, कोपऱ्यात वास घेतला तर कळते. उलट १८७० च्या आधीचा कागद चिंध्यांपासून बनत असे, तो अजून पांढरा आणि चिवट असू शकतो. त्याच्या पांढरेपणावर शंका घेऊ नये. ट्रॅफल्गर आणि वॉटर्लूच्या बातम्यांचे लंडन 'टाइम्स'चे अंक जगभर फेरछपाईत आहेत. कुणाच्या पणजोबांनी लिस्बनहून आणला असला तरी बहुधा फेरछपाईच आणला.

आता साठवण. गोव्यात शत्रू एकच, जून ते सप्टेंबरची हवा. बाकी कसर, वाळवी, बुरशी हे सगळे तिचे सोबती. हवेतला ओलावा ६५ टक्क्यांवर टिकून राहिला की कागदावर बुरशी धरते, आणि आपल्याकडे पावसाळ्यात तो ८५ च्या वर सहज जातो. काही शे रुपयांचा ओलावामापक प्रत्येक डब्यात ठेवावा. रबरी कडा असलेला पॉलिप्रॉपिलीनचा २० लिटरचा डबा घ्यावा, त्यात साधारण २०० ग्रॅम सिलिका जेल कापडी पिशवीत घालावे, कागदाला न चिकटता. केशरी रंगाचे जेल घ्यावे, निळ्यात कोबाल्ट असते. केशरी हिरवट झाले की ते १२० अंशांवर दोन-तीन तास भाजून, थंड करून परत वापरता येते. ओलावामापकाचा काटा ४५ ते ५५ टक्क्यांमध्ये राहू द्यावा. फार सुकवलेही तर न्यूजप्रिंट पापडासारखा मोडतो, ३५ च्या खाली गेलेला अंक उघडू नये. डबा दगडी भिंतीला टेकवू नये, जांभा पावसाळाभर पाझरतो. पेटी भरायची ती फेब्रुवारी-मार्चमध्ये, गणपतीच्या सुमारास नव्हे.

पत्र आणि वर्तमानपत्र एका पाकिटात ठेवू नये. न्यूजप्रिंटमधले आम्ल शेजारच्या कागदात उतरते आणि पत्रावर कात्रणाच्या आकाराची तपकिरी सावली पडते. पण ही सावली सापडली तर ती पुसायच्या मागे लागू नये. कात्रणाची कड सावलीच्या कडेवर बसवून पाहावी. बसली तर पत्र आणि कात्रण वर्षानुवर्षे एकत्र होते, याचा तो पुरावा झाला. फोटो काढावा, मग दोन्ही वेगळी करावीत.

पिशव्या पॉलिएस्टर फिल्मच्या. बाजारातल्या मऊ, वास येणाऱ्या पीव्हीसी पिशव्या शाई ओढून घेतात, वर्षभराने सही पिशवीला चिकटलेली मिळते. टाचण्या आणि स्टेपल गंजतात. त्या उपसू नयेत. खाली पॉलिएस्टरची पट्टी सरकवून पाते घालून हळू सोडवाव्यात. नोंद करायची असेल तर मागच्या बाजूला कडेला मऊ पेन्सिलीने. चिकटपट्टी अजिबात नको, पाच-सात वर्षांत डिंक तपकिरी होऊन कागदात मुरतो. इस्त्री करून सपाट करणे हा आणखी एक लाडका प्रकार, त्यात निळी शाई फाकते. कसर लागलेली असेल तर कागद हवाबंद पिशवीत घालून फ्रीझरमध्ये उणे १८ अंशांवर सलग दोन आठवडे ठेवावा. बाहेर काढल्यावर २४ तास पिशवी उघडू नये, दव पिशवीच्या बाहेर धरू द्यावे. डांबराच्या गोळ्यांनी कसर मरेलच असे नाही, घरातली माणसे मात्र बेजार होतात.

लॅमिनेशनविषयी वेगळे लिहायला हवे, कारण गोव्यात जाईल तिथे तेच दिसते. गरम चिकट फिल्म कागदात वितळते. ती काढता येत नाही, आतले आम्ल आतच राहते, आणि विकायचे झाल्यास सहीचे निम्म्याहून अधिक मोल त्याच दिवशी जाते. भिंतीवर लावायचे तर ६०० डीपीआयवर स्कॅन करून त्याची प्रत लावावी, मूळ पेटीत राहू द्यावे. स्कॅन करताना कोरी मागची बाजूही घ्यावी. पुढे कधी वाद झाला तर मागचा उठावच साक्ष देतो.

तिकिटवाल्या मित्रांशी आमचे एक जुने भांडण आहे, ते इथे मांडतो. २९ डिसेंबर १९६१ ला गोव्यात भारतीय तिकिटे आली, आणि जानेवारीच्या पहिल्या आठवड्यापर्यंत पोर्तुगीज तिकिटेही चालून गेली. त्या थोड्या दिवसांची पाकिटे तिकिटसंग्राहकांना हवी असतात, तेव्हा पाकीट विकत घेतले जाते आणि आतले पत्र 'त्याला काय भाव' म्हणून टाकले जाते. काही ठिकाणी तर तिकिटाचा चौकोन कापून बाकी सगळे रद्दीत. पाकिटावरचा टपालाचा शिक्का नसेल तर पत्राची तारीख फक्त लिहिणाऱ्याच्या शब्दावर राहते. कृपा करून पत्र आणि पाकीट एकत्रच विका, एकत्रच घ्या.

कायद्याचे दोन मुद्दे, थोडक्यात. १९७२ च्या पुरावशेष कायद्याप्रमाणे ऐतिहासिक महत्त्वाची हस्तलिखिते व कागदपत्रे ७५ वर्षांची झाली की पुरावशेष ठरतात, त्यांच्या व्यापाराला परवाना लागतो आणि ती खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाहीत. महायुद्धातली पत्रे त्यात आली. १९६१ ची २०३६ अखेर येतील. लिस्बन-लंडनला स्थायिक झालेल्या नातवाला 'आठवण' म्हणून आजोबांचे पत्र पोस्टाने धाडण्यापूर्वी पुरातत्त्व खात्याकडे विचारणा करावी. दुसरे, ज्या पत्राला फायलीच्या दोऱ्याची भोके, आवक क्रमांक आणि समासात कारकुनाचा शेरा आहे, ते सरकारी फायलीतून निघालेले असण्याची शक्यता मोठी. ते बाहेर कसे आले याचा कागदोपत्री खुलासा मिळाल्याशिवाय घेऊ नये. अर्धशासकीय पत्र ज्याच्या नावे आले त्याच्या घरी सापडणे वेगळे.

शेवटी आपल्याकडे एक विनंती. मुक्तिदिनाच्या पुरवणीत जुन्या अंकांची आणि पत्रांची छायाचित्रे येतात, आवडीने पाहिली जातात. त्यांच्याखाली वर्तमानपत्राचे नाव, तारीख, आवृत्ती, पान आणि मूळ प्रत की पुनर्मुद्रण एवढे छापावे. पडताळून पाहायला पणजीत पाटो येथील कृष्णदास शामा गोवा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय आहेच, तिथे जुने अंक पाहता येतात. सहीचे छायाचित्र मात्र मोठे, एकटे आणि स्वच्छ पांढऱ्यावर छापू नये. नक्कल करणाऱ्याला तेवढेच लागते. वरच्या मजकुराच्या दोन ओळी आणि घडीची रेघ त्यात येऊ द्यावी.

कळावे,

आपले,
पणजी, म्हापसा व मडगाव येथील काही कागदसंग्राहक